आधीचा बरा होता

विज्ञानकथेच्या मालिकेचा नवा सीझन सुरू झाला की जुन्या चाहत्याचं मत काय पडणार, हे सांगायला पंचांग उघडावं लागत नाही. मत आधीच ठरलेलं असतं. पहिला भाग फक्त पुरावे गोळा करण्यासाठी पाहायचा असतो. पूर्वीसारखी मजा राहिली नाही, हे ते मत. नायक बदलला असेल तर आधीचा बरा होता. बदलला नसेल तर गेल्या सीझनपर्यंत तो बरा होता. आणि शीर्षकसंगीताला कुणी हात लावला असेल तर मग विचारायलाच नको. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका या शास्त्राच्या अभ्यासाला सगळ्यात सोयीची, कारण तिने चाहत्याच्या कुरकुरीची व्यवस्था कथानकातच करून ठेवली आहे. तिचा नायक डॉक्टर नावाचा परग्रहवासी. औषधपाण्याशी त्याचा काही संबंध नाही, तो काळातून हिंडतो. त्याचं यान, म्हणजे टार्डिस, बाहेरून जुन्या ब्रिटिश पोलिसांच्या टेलिफोन-खोक्याएवढं आणि आतून ऐसपैस. मुंबईत फ्लॅट बघत फिरलेल्यांना हा प्रकार उलट्या क्रमाने परिचयाचा आहे. हा डॉक्टर मरायला टेकला की मरत नाही. त्याचं शरीर बदलतं, चेहरा बदलतो, स्वभावही थोडाफार बदलतो आणि मालिका पुढे चालू राहते. याला रीजनरेशन म्हणतात. म्हणजे दर तीन-चार वर्षांनी ‘हा आमचा डॉक्टर नव्हे’ असं म्हणायचा हक्क चाहत्याला अधिकृतपणे मिळतो, आणि तो हक्क त्याने आजवर एकदाही वाया जाऊ दिलेला नाही.

माझं म्हणणं असं, की ही कुरकुर समीक्षा म्हणून वाचणं ही मोठी गफलत आहे. पहिल्या भागानंतर चाहता जे बोलतो ते त्या भागाबद्दल नसतंच. ते गेलेल्या माणसाबद्दल असतं, आणि नव्याला घरात घेण्याची त्याची ती पद्धत असते. उंबऱ्यावर थोडं अडवायचं, नाव-गाव विचारायचं, नाक मुरडायचं आणि मग पाट मांडून बसवायचं. मराठी नाट्यरसिकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गाजलेलं नाटक नव्या संचात आलं की मध्यंतरात चहाच्या टपरीशी ‘आम्ही हे मूळ संचात पाहिलंय’ असं म्हणणारा एक तरी गृहस्थ असतोच. त्याचं नव्या नटांशी वैर नसतं. त्याने तिकीट काढलेलं असतं, तो तिसऱ्या अंकापर्यंत थांबतो, आणि पंधरा वर्षांनी आणखी नवा संच आला की याच नटांची नावं घेऊन उसासे टाकतो. ‘डॉक्टर हू’चा चाहता या गृहस्थांचा ब्रिटिश भाऊबंद. फरक एवढाच, की त्याच्या उसाशांची तारीखवार नोंद सापडते, त्यामुळे माझा दावा तपासून बघता येतो.

तपासाची सुरुवात अर्थात २३ नोव्हेंबर १९६३ पासून. त्या शनिवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’ हा पहिला भाग लागला, आणि मालिकेच्या इतिहासात पूर्वीचं काहीच नसल्यामुळे पूर्वीसारखं राहिलं नाही असं कुणी म्हणू न शकलेला तो एकमेव प्रीमियर. आदल्या दिवशी डलासमध्ये केनेडींचा खून झालेला; देश त्या बातमीत बुडालेला. म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी बीबीसीने पहिला भाग पुन्हा दाखवला. दिग्दर्शक होते वारिस हुसैन, जन्माने लखनौचे. त्यांनी केलेली पहिली आवृत्ती नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडली नाही, आणि सगळा भाग नव्याने चित्रित करावा लागला. म्हणजे चाहते जन्माला यायच्या आधीच या मालिकेत तक्रार जन्माला आली होती. न्यूमन यांची आणखी एक अट होती: वटारलेल्या डोळ्यांचे राक्षस नकोत, मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवणारं काहीतरी हवं. त्यांच्या अटीला वर्षही पुरं झालं नाही. २१ डिसेंबरला दुसरी कथा सुरू झाली आणि तिच्यातून डॅलेक नावाचे, मिरपूडदाणीच्या आकाराचे, चिरक्या आवाजात सगळ्यांना नष्ट करायची भाषा करणारे राक्षस निघाले. ब्रिटनमधली पोरं त्यांच्यामागे वेडी झाली आणि मालिका तरली. त्यामुळे आजचा चाहता जेव्हा ‘मूळ गाभ्याशी गद्दारी झाली’ म्हणतो, तेव्हा तो चुकत नाही. फक्त ती गद्दारी मालिकेच्या पाचव्या आठवड्यात झाली, आणि तो ज्याला मूळ गाभा समजतो तो त्या गद्दारीतूनच निघालेला आहे.

पहिला खरा चेहराबदल १९६६ चा. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा नायकच बदलायचा हा अफाट तोडगा काढण्यात आला आणि पॅट्रिक ट्रॉटन आले. त्यांची पहिली कथा, ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’, ५ नोव्हेंबरला सुरू झाली. ती सीझनच्या मध्यावर आली, पण प्रीमियरचे सगळे भोग तिच्या वाट्याला आले. बीबीसी त्या काळी प्रेक्षकांची मतं गोळा करून अहवाल काढत असे. त्यात, पूर्वीचा विद्वान म्हातारा गेला आणि त्याच्या जागी हा विदूषक कुठून आला, अशा आशयाच्या तक्रारी आहेत. पुढे काय झालं? बीबीसीने जुन्या टेपा पुसून टाकल्या. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग त्यात गेले, आणि या कथेचा सहापैकी एकही भाग पूर्ण उरला नाही. उरला तो आवाज, तोही काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो मुद्रित करून ठेवला म्हणून. आज ही कथा मालिकेतल्या उत्तम कथांपैकी एक मानली जाते. ती उत्तम असेलही. पण ज्या कथेचं चित्रच कुणाला दिसत नाही तिच्यात खोट काढणं चाहत्यालाही जमत नाही, हेही तिच्या कीर्तीचं एक कारण असावं. आणि तो विदूषक? २०१० साली मॅट स्मिथ नावाचा तरुण नट डॉक्टर झाला, तेव्हा त्याने जुने भाग पाहून आदर्श म्हणून निवडले ते ट्रॉटनच.

यातून जो नियम निघतो तो मी असा मांडेन: चाहत्याचा निकाल बरोबर असतो, फक्त तो काही वर्षं उशिरा लागतो. नियम पक्का करायला १९७६ चं उदाहरण पुरेसं आहे. रॉबर्ट होम्स यांनी ‘द डेडली असॅसिन’ ही कथा लिहिली. तिच्यात डॉक्टरच्या ग्रहावरचे काळाधिपती पहिल्यांदा नीट जवळून दिसतात, आणि ते देवतुल्य वगैरे नसून कुठल्याही जुन्या संस्थेच्या आजीव सभासदांसारखे खुर्च्या सांभाळणारे, सांधे दुखणारे म्हातारे निघतात. चाहत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी संघटनेच्या अंकात या कथेची अशी सालटी काढली, की ते परीक्षणच पुढे चाहत्यांच्या इतिहासात प्रसिद्ध झालं. मालिकेची जादू संपली, असा त्याचा सूर. आणि आता? त्यानंतर डॉक्टरच्या या ग्रहाबद्दल, गॅलिफ्रेबद्दल, जे काही लिहिलं गेलं ते जवळपास सगळं या कथेच्या पायावर उभं आहे. तिने घालून दिलेलं काही कुणी बदललं, की आजचा चाहता जादू संपली म्हणून ओरडतो. शब्द तेच, जागा तीच. काल जे पाखंड होतं त्याची आज पोथी झालेली.

इथे एक आक्षेप येणार हे उघड आहे. पहिला भाग कधीकधी खरोखरच वाईट असतो, त्याचं काय? असतो ना. आणि चाहत्याला तो ओळखता येतो. १९८४ च्या मार्चमध्ये कॉलिन बेकर सहावा डॉक्टर म्हणून आले ‘द ट्विन डिलेमा’ या कथेत. अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवल्यासारखा कोट, आणि आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर आपल्या सोबतिणीचा, पेरीचा, गळा दाबला. शरीर बदलल्यावर डोकं जरा फिरतं, हे स्पष्टीकरण होतं. पण नायकाची ओळख करून द्यायची ही काही रीत नव्हे. वर ही कथा सीझनच्या शेवटी टाकलेली, त्यामुळे प्रेक्षकांनी तो कोट आणि तो गळा मनात घेऊन पुढच्या जानेवारीपर्यंत बसायचं. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने वाचकांकडून तोवरच्या दोनशे कथांची क्रमवारी लावून घेतली. दोनशेव्या क्रमांकावर ‘द ट्विन डिलेमा’. पहिल्या क्रमांकावर ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझनी’, त्याच होम्स यांची. या दोन कथा एकाच सीझनमधल्या, एकाच निर्मात्याच्या, आणि एकीचा शेवट झाल्यावर आठवडाभराच्या आत दुसरी सुरू झालेली. म्हणजे चाहता आंधळेपणाने सगळ्यालाच नावं ठेवतो हा आरोप टिकत नाही. सोनं आणि पितळ शेजारी-शेजारी ठेवलं तरी त्याला वेगळं करता येतं. माझा मुद्दा वेगळा आहे. खरोखर वाईट भागानंतर आणि बऱ्या भागानंतर त्याची पहिल्या रात्रीची कुरकुर एकाच पट्टीत असते. फरक कळायला काही वर्षं जावी लागतात. आणि एवढ्या वाईट सुरुवातीनंतरही त्याने कॉलिन बेकरना सोडलं नाही. पुढे ऑडिओ नाटकांतून ते पुन्हा डॉक्टर झाले, तेव्हा याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आवाजात कोट दिसत नाही, हा एक फायदा झालाच.

१९८९ मध्ये मालिका बंद पडली. मधल्या काळात १९९६ साली एक टीव्ही-चित्रपट येऊन गेला. सात वर्षांच्या दुष्काळानंतर पडलेल्या त्या एकुलत्या सरीवर चाहत्यांचा आक्षेप असा, की डॉक्टरने नायिकेचं चुंबन घेतलं आणि तो स्वतःला आईकडून माणूस म्हणवतो. पुढे २६ मार्च २००५ ला रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा उभी केली ती ‘रोज’ या भागाने, आणि पहिल्या भागाच्या कलेचा अभ्यास करायचा तर हा भाग बारकाईने न्याहाळून पाहावा. सुरुवातच गजराच्या घड्याळाने. दुकानात काम करणारी रोज नावाची एक पोरगी उठते, कामाला जाते, संध्याकाळी तळघरात अडकते आणि दुकानातले कपड्यांचे पुतळे चालायला लागतात. प्रत्यक्ष प्रक्षेपणात या थरारक क्षणांवर ग्रॅहम नॉर्टन यांचा आवाज घुसला; कुठल्याशा नाचाच्या कार्यक्रमाचा ध्वनी चुकून जोडला गेला होता. सोळा वर्षं वाट पाहिलेल्या चाहत्यांना सगळ्यात भीतिदायक प्रसंगात एका विनोदी सूत्रसंचालकाची बडबड ऐकावी लागली. पण खरा जाळ उठवला तो कचऱ्याच्या डब्याने. चाकं असलेला एक प्लॅस्टिकचा डबा रोजच्या मित्राला, मिकीला, गिळतो आणि गिळून झाल्यावर ढेकर देतो. ढेकर! शेक्सपिअरच्या देशात, सोळा वर्षांनंतर, ढेकर! गंभीर चाहत्यांनी हा ढेकर बरीच वर्षं पचवला नाही.

याच भागात क्लाइव्ह नावाचं एक पात्र आहे, आणि डेव्हिस यांना चाहत्यांबद्दल काय म्हणायचं होतं ते सगळं त्यांनी या पात्राच्या तोंडी आणि नशिबी घातलं आहे. क्लाइव्ह घरामागच्या शेडमध्ये बसून डॉक्टरचे पुरावे जमवतो. जुने फोटो, चित्रं, कात्रणं. केनेडींच्या खुनाच्या दिवशी डलासमधल्या गर्दीत उभा असलेला डॉक्टर त्याने शोधून काढलेला आहे. रोजला तो हे सगळं दाखवतो, पाहुण्याला लग्नाचा अल्बम दाखवावा तशा उत्साहाने, आणि त्याच्या बायकोला नवलाची गोष्ट ही वाटते की या विषयात रस घेणारी एखादी मुलगीही असू शकते. भागाच्या शेवटी बाजारात पुतळे जिवंत होतात. क्लाइव्हच्या चेहऱ्यावर भीतीच्या आधी येतो तो आनंद: सगळं खरं होतं तर! आणि पुढच्याच क्षणी पुतळा त्याला गोळी घालतो. प्रीमियर कुणासाठी असतो याचं याहून स्वच्छ उत्तर मला ठाऊक नाही. ज्याला सगळं आधीपासून माहीत आहे त्याचा पहिल्याच भागात निकाल लावायचा, आणि जिला काहीच माहीत नाही त्या पोरीचा हात धरून पुढे जायचं. सुमारे एक कोटी आठ लाख ब्रिटिश प्रेक्षकांनी तो भाग पाहिला. त्यातल्या बहुतेकांना डॅलेक ऐकून माहीत असतील, गॅलिफ्रे नाही. चाहता त्या गर्दीत स्वतःच्याच घरी पाहुणा झाला. यजमान त्यालाच विचारतो, ‘आमचं घर पाहिलंत का?’ अशा वेळी माणूस काहीतरी तिरकस बोलणारच. ते तिरकस बोलणं हा त्याचा रहिवासाचा दाखला आहे. वर नियती एवढी खवट, की नव्या डॉक्टरला, ख्रिस्तोफर एकल्स्टनना, त्याने जेमतेम मान्य केलं असेल-नसेल, तोच चार दिवसांनी बीबीसीने जाहीर केलं की हे एका सीझनपुरतेच आहेत. लगेच शोक सुरू.

वयाचा प्रश्नही पाहा. २००९ च्या आरंभी मॅट स्मिथची निवड जाहीर झाली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आधीच्या डॉक्टरच्या, डेव्हिड टेनंटच्या, वियोगाने पिचलेल्या चाहत्यांचं म्हणणं, हे काय पोर आणलंय. २०१३ मध्ये पीटर कपाल्डींचं नाव आलं, वय पंचावन्न. आता म्हणणं, हे काय, इतके वयस्कर? मधल्या चार वर्षांत त्या पोराने घर करून ठेवलं होतं. तेव्हाचे शोरनर, म्हणजे मालिकेचे सूत्रधार, स्टीव्हन मोफॅट हे स्वतः जुने चाहते, त्यामुळे त्यांना काय येणार ते पुरतं ठाऊक. त्यांनी २०१४ च्या ‘डीप ब्रेथ’ या पहिल्या भागात ही तक्रारच कथानकात घातली. डॉक्टरची सोबतीण क्लारा नव्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे बघून हा तो नव्हेच म्हणून बसते. अखेर तिला फोन येतो आणि फोनवर असतो जुना डॉक्टर, म्हणजे मॅट स्मिथच. मरणाच्या आधी त्याने भविष्यात फोन लावलेला असतो. म्हणणं काय, तर हा जो समोर उभा आहे तो मीच आहे आणि तो घाबरलेला आहे, त्याला सांभाळून घे. आपल्याकडे कुठल्या मालिकेत नट बदलला तर पडद्यावर एक सूचनेची ओळ येते आणि दुसऱ्या दिवशी सासू नव्या चेहऱ्याच्या सुनेला जुन्याच नावाने झापते. इथे गेलेल्या नटाला परत आणून शिफारस करवली. चाहत्याची कुरकुर निरर्थक असती तर तिला उत्तर द्यायला एवढा खटाटोप कुणी केला नसता.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून अवघड. १६ जुलै २०१७ ला, विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपल्यावर, बीबीसीने जाहीर केलं की तेरावा डॉक्टर जोडी व्हिटकर असेल, म्हणजे बाई. त्यानंतर जे उसळलं त्याला वियोगाचं दुःख म्हणायचं का? सगळ्यालाच नाही. त्यातला बराचसा भाग साधा पूर्वग्रह होता आणि त्याला प्रेमाची शाल पांघरायची माझी इच्छा नाही. पण दोन्ही ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पूर्वग्रह भाग लागायच्या पंधरा महिने आधीच निकाल देऊन निघून जातो. चाहता निकाल देतो, पण भाग बघतो आणि पुढचाही बघतो. शिवाय बाई डॉक्टर होणं हा परंपरेवर घाला, असं म्हणणाऱ्यांची पंचाईत अशी, की १९८६ मध्ये सिडनी न्यूमन यांनीच, म्हणजे मालिकेच्या जन्मदात्यांपैकी एकाने, डॉक्टरला बाई करा असं बीबीसीच्या मायकेल ग्रेड यांना पत्राने सुचवलं होतं. परंपरेच्या बाजूने बोलायचं तर परंपरा आधी वाचावी लागते. ७ ऑक्टोबर २०१८ ला व्हिटकरचा पहिला भाग आला. नोंदवून नंतर पाहिलेले धरून जवळजवळ एक कोटी दहा लाख लोकांनी तो पाहिला, ‘रोज’हून जास्त. पुढच्या आठवड्यांत हा आकडा उतरत गेला. सामान्य प्रेक्षक हा असा असतो. तो पहिल्या दिवशी गोड बोलतो आणि तिसऱ्या आठवड्यात दुसरं काहीतरी लावतो. ज्यांनी पहिल्याच रात्री संवादांना नावं ठेवली ते शेवटच्या भागालाही हजर होते, नावं ठेवायला. निर्मात्याने दोघांपैकी कुणाच्या शब्दावर विसंबावं?

आणि त्या भागाचे लेखक कोण, तर ख्रिस चिबनल. हे नाव चाहत्यांच्या पुराणात आधीच येऊन गेलेलं आहे. १९८६ च्या डिसेंबरात, ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ हा चौदा भागांचा खटला संपल्यावर, बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात काही चाहत्यांना बोलावलं होतं. त्यात एक सोळा वर्षांचा मुलगा, लिव्हरपूलच्या चाहत्यांपैकी. त्याने मालिकेच्या लेखकांच्या समोर, म्हणजे पिप आणि जेन बेकर या दांपत्यासमोर, लेखन याहून पुष्कळ चांगलं होऊ शकलं असतं असं सांगितलं. सभ्यपणे, पण सांगितलं. तो मुलगा म्हणजे चिबनल. बत्तीस वर्षांनी मालिका त्याच्याच हातात आली, आणि जगभरच्या सोळा वर्षांच्या मुलांनी त्याला सांगितलं की लेखन याहून पुष्कळ चांगलं होऊ शकलं असतं. ही क्लिप त्या दिवसांत किती जणांनी एकमेकांना पाठवली असेल याची कल्पनाच केलेली बरी. कपाल्डींची गोष्ट याच्या उलट बाजूची. त्यांनी पंधराव्या वर्षी ‘रेडिओ टाइम्स’ला कौतुकाचं पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. मोठेपणी त्यांना डॉक्टरची भूमिका मिळाली. म्हणजे स्तुती केली तर नायकाचं काम मिळतं आणि तक्रार केली तर अख्खी मालिका मिळते. डेव्हिस, मोफॅट, टेनंट, सगळे याच शाळेतले. मालिका बंद असताना डेव्हिस यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली, मोफॅट यांनी धर्मादाय कार्यक्रमासाठी तिचं विडंबन लिहिलं. त्या सोळा वर्षांत ज्यांनी हा संसार चालवला ते हेच कुरकुरे लोक. त्यांच्या कुरकुरीत एक उमेदवारी दडलेली असते: मला द्या, मी दाखवतो.

पण एवढं सगळं जर नुसत्या वियोगाचं असेल, तर गेलेला माणूस परत आणून दिल्यावर कुरकुर थांबायला हवी, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि सुदैवाने हा प्रयोग करून झालेला आहे. चिबनल यांच्या काळात वर्षानुवर्षं एकच आळवणी चालली होती की रसेल डेव्हिसना परत आणा. बीबीसीने आणलं. वर टेनंटही आणला, २०२३ च्या नोव्हेंबरात, साठाव्या वाढदिवसाला. इतकं मनासारखं झाल्यावर चाहता दोन-चार आठवडे बावरून गेला. मग न्कुटी गॅटवा नवा डॉक्टर झाला आणि ११ मे २०२४ ला नव्या सीझनचा पहिला भाग आला. ब्रिटनमध्ये मध्यरात्री बारा वाजता, आपल्या घड्याळात पहाटे साडेचारला, म्हणजे काकड आरतीच्या वेळी. भागाच्या आधी आकड्याचंच भांडण. डिस्नेने सोबत पैसा घातला होता, नवे प्रेक्षक हवे होते, म्हणून या सीझनचं नाव ठेवलं ‘सीझन १’. आता सीझन १ म्हणजे १९६३ चा. दुसरा सीझन १ म्हणजे २००५ चा. हा तिसरा. २००५ पासून मोजलं तर तो चौदावा, १९६३ पासून मोजलं तर चाळिसावा. ज्याने चाळीस सीझनांचा हिशेब तोंडपाठ ठेवला त्याला सांगायचं की चला, एकपासून सुरू! आयुष्यभर बिनचूक ठेवलेली वही कुणीतरी समोर फाडावी, तसं त्याला झालं असेल.

आणि मग ‘स्पेस बेबीज’. अंतराळस्थानकावर बाबागाड्यांतून फिरणारी, मोठ्यांसारखी बोलणारी तान्ही बाळं. त्यांना भिववणारा राक्षस नाकातल्या शेंबडापासून तयार झालेला. शेवटी स्थानक हलतं ते साठलेल्या लंगोटांतल्या वायूच्या जोरावर. हा भाग पाहून चाहत्यांनी कपाळाला हात लावला. डेव्हिसना झालंय काय, पूर्वी हे असं लिहीत नसत! आता इथे पुरावा दाखल करायलाच हवा. पूर्वीच्या त्यांच्या पहिल्याच भागात डबा ढेकर देत होता. त्याच सीझनच्या चौथ्या भागात, १६ एप्रिल २००५ ला, लंडनमधल्या पंतप्रधान निवासात माणसांची कातडी पांघरून शिरलेले स्लिथीन नावाचे परग्रहवासी वायू सोडत हिंडत होते, तोही भर बैठकीत. एकोणीस वर्षांत डेव्हिस तसूभरही बदललेले नाहीत. शरीराच्या ज्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली त्याच्या आसपासच ते आहेत. बदलली ती आठवण. वर मांडलेला नियम याहून स्वच्छ सिद्ध होणं कठीण: चाहत्याला हवा असतो तो २००५ चा डेव्हिस नव्हे, तर वीस वर्षांत ढेकर विरून गेलेला डेव्हिस, आणि तो कुठल्याच करारावर सही करू शकत नाही. म्हणून गेलेला माणूस परत आणला तरी कुरकुर थांबत नाही. परत येतो तो नवा म्हणूनच येतो, आणि त्यालाही उंबऱ्यावर अडवावंच लागतं.

३१ मे २०२५ ला गॅटवाचा दुसरा सीझन संपला आणि त्याचं रीजनरेशन झालं. दोनच सीझन. उजेड ओसरला तेव्हा समोर होती बिली पायपर, २००५ ची रोज. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण एरवी नव्या नटाच्या नावापुढे डॉक्टरची भूमिका असं येतं ते काही आलं नाही. पुढचा सीझन केव्हा, होणार की नाही, काहीच जाहीर नव्हतं. तरी रात्र संपायच्या आत दोन्ही शक्यतांवरचे आक्षेप तयार होते. ती डॉक्टर असेल, तर हा जुना चेहरा कशाला? नसेल, तर मग ती आहे कोण? आणि वर्षभरापूर्वी ज्यांनी बाळांवरून कपाळाला हात लावला होता त्यांतल्याच पुष्कळांनी आता तावातावाने मांडलं, की गॅटवाला आणखी एक सीझन तरी द्यायला हवा होता, पोरगा आत्ता कुठे रंगात आला होता.